कॅनडाच्या अपरिचित गॅरेज व अंडरग्राउंड रॉक तबकड्या: नव्या श्रोत्यांनी सुरुवात कशी करावी

इंग्लंड-अमेरिकेतील रॉक संगीत वर्षानुवर्षे ऐकणाऱ्या मराठी श्रोत्याला कॅनडाबद्दल विचारले, तर तो नील यंग, जोनी मिचेल, लेनर्ड कोहेन, रश अशी चार-सहा नावे चटकन सांगतो आणि तिथेच थांबतो. या नावांच्या पाठीमागे, एखाद-दुसरी तबकडी काढून विखुरलेल्या असंख्य बँडचे संगीत पडून आहे, आणि त्यातले उत्तम संगीत जगातल्या कुठल्याही गॅरेज रॉकच्या तोडीस तोड आहे. गेली पंधरा वर्षे मी या तबकड्या ऐकतो आहे व ऐपतीप्रमाणे जमवतो आहे. या काळात नवे श्रोते नेमके कुठे अडखळतात, हे मी जवळून पाहिले. ते एकतर ‘अतिदुर्मीळ’ म्हणून गाजलेल्या महागड्या तबकड्यांची यादी हाती घेऊन सुरुवात करतात, नाहीतर कॅनडा म्हणजे एकच एक संगीतक्षेत्र असे गृहीत धरून इकडचे-तिकडचे ऐकत राहतात, आणि दोन-तीन महिन्यांत कंटाळून सोडून देतात. म्हणून या लेखात मी एकच गोष्ट आग्रहाने मांडणार आहे: कॅनडाचे रॉक शहर धरून ऐकावे.

याचे कारण भूगोलात आहे. टोरांटोहून विनिपेग रस्त्याने सुमारे २,२०० किलोमीटर आहे आणि विनिपेगहून व्हँकुव्हर जवळजवळ तितकेच पुढे आहे. मुंबई-दिल्ली अंतर १,४०० किलोमीटरच्या आसपास आहे हे लक्षात घेतले, म्हणजे एका जुन्या गाडीत वाद्ये भरून निघणाऱ्या शाळकरी मुलांना दुसऱ्या शहरात जाऊन कार्यक्रम करणे किती अवघड होते याची कल्पना येते. त्यामुळे प्रत्येक शहराचे रेडिओ केंद्र वेगळे, नाचाचे हॉल वेगळे, तबकड्या काढणाऱ्या छोट्या कंपन्या वेगळ्या आणि आवडीनिवडीही वेगळ्या राहिल्या. विनिपेगमध्ये घरोघरी माहीत असलेले गाणे टोरांटोच्या कानावरही पडत नसे. त्यात भर म्हणजे कॅनडाच्या रेडिओ केंद्रांचा कल परदेशी गाण्यांकडे होता. जानेवारी १९७१ पासून एएम केंद्रांनी किमान ३० टक्के संगीत कॅनडाचे वाजवले पाहिजे असा नियम लागू झाला; तोपर्यंत गॅरेज रॉकचा बहर ओसरून गेला होता.

पहिली पायरी: आधी कान, मग खिसा

पहिला महिनाभर काहीही विकत घेऊ नये. या संगीतातले बरेचसे आता आंतरजालावर ऐकायला मिळते, आणि ज्या तबकडीसाठी संग्राहक महिन्याचा पगार मोजतात तिचे गाणे आपल्याला मुळात आवडते का, हे आधी ठरवता येते.

गॅरेज रॉक हा शब्द घराच्या गाडीखान्यावरून आला. १९६४ मध्ये बीटल्स आणि त्यांच्या मागोमाग रोलिंग स्टोन्स उत्तर अमेरिकेत पोहोचले, आणि गल्लोगल्लीच्या मुलांनी गिटार विकत घेऊन वडिलांच्या गाडीखान्यात तालमी सुरू केल्या. दोन-तीन कॉर्ड, फझ (आवाज घरघरीत करणारे उपकरण) लावलेली गिटार, कधी स्वस्तातला ऑर्गन आणि कुणावर तरी चिडलेला गायक एवढे भांडवल असे. ध्वनिमुद्रण काही तासांत उरकायचे, सगळ्यांनी एकाच खोलीत एकदम वाजवायचे, त्यामुळे ड्रमचा आवाज गायकाच्या माइकमध्ये शिरतो आणि चूक झाली तरी ती तशीच राहते. नव्या श्रोत्याला हा आवाज सुरुवातीला कच्चा वाटतो. पण चार-पाच दिवस सलग ऐकल्यावर त्या खोलीचा आकार आणि वाजवणाऱ्यांची घाई कानाला कळू लागते, आणि मग गुळगुळीत ध्वनिमुद्रण निर्जीव वाटायला लागते.

पहिल्या आठवड्यासाठी मी चार गाणी सुचवतो. टोरांटोच्या ‘द अग्ली डकलिंग्ज’चे १९६६ मधील ‘नथिन्’, मॉन्ट्रियलच्या ‘द हाँटेड’चे त्याच वर्षातले ‘वन-टू-फाइव्ह’, विनिपेगच्या ‘द ज्युरी’चे ‘हू डॅट?’ आणि व्हँकुव्हरच्या ‘द पेंटेड शिप’चे १९६७ मधील ‘फ्रस्ट्रेशन’. चार गाणी, चार शहरे. ‘वन-टू-फाइव्ह’ सावकाश, दबा धरून आल्यासारखे येते आणि शेवटपर्यंत पकड सोडत नाही. ‘फ्रस्ट्रेशन’मध्ये गायक नावाप्रमाणेच गळा फाडून ओरडतो. हे चारही आवाज एकाच देशाचे असले तरी एकाच घराचे नाहीत, हे दुसऱ्या-तिसऱ्या ऐकण्यातच लक्षात येते.

दुसरी पायरी: एक शहर निवडून तळापर्यंत जावे

चारांपैकी ज्या शहराने ओढ लावली, त्या शहरात निदान दोन महिने राहावे. खाली मी काही शहरांची तोंडओळख देतो. ती सारख्या लांबीची नाही, कारण माझे प्रेमही सर्वांवर सारखे नाही.

विनिपेगपासून सुरुवात करणे सोपे पडते, कारण तिथे ओळखीच्या नावाचा आधार मिळतो. नील यंगची पहिली तबकडी याच शहरातली आहे: ‘द स्क्वायर्स’ या शाळकरी बँडने १९६३ मध्ये स्थानिक रेडिओ केंद्राच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेली ‘द सुलतान’ ही वाद्यरचना ‘व्ही रेकॉर्ड्स’ या छोट्या कंपनीने काढली होती. मूळ प्रत सामान्य संग्राहकाच्या आवाक्याबाहेर आहे, पण ती ऐकावी जरूर. याच शहरातल्या चॅड अॅलन यांच्या ‘एक्स्प्रेशन्स’ या बँडने इंग्लंडचे ‘शेकिन ऑल ओव्हर’ हे गाणे नव्याने केले, तेव्हा ‘क्वालिटी रेकॉर्ड्स’ने १९६५ मध्ये रेडिओ केंद्रांना पाठवलेल्या प्रतींवर बँडचे नाव न छापता ‘गेस हू?’ एवढेच छापले. एखाद्या प्रसिद्ध इंग्रजी बँडने टोपणनावाने तबकडी काढली असावी असा समज व्हावा, हा त्यामागचा हेतू होता. गाणे गाजले आणि ते नाव बँडला कायमचे चिकटले. आपल्या मुलांची गाणी आपल्याच रेडिओवर लागावीत म्हणून त्यांना परके भासवावे लागत होते, ही गोष्ट कळली की त्या दशकातल्या कॅनडाच्या संगीताची अर्धी अडचण समजते.

टोरांटोचे १९६० चे दशक यॉर्कव्हिल या कॉफीघरांच्या वस्तीभोवती फिरते, आणि ‘अग्ली डकलिंग्ज’ची १९६६ ची ‘समव्हेअर आउटसाइड’ ही एलपी (अनेक गाण्यांची मोठी तबकडी) त्या काळाचा उत्तम नमुना आहे. पंकसाठी, म्हणजे १९७० च्या दशकातल्या वेगवान, आक्रमक रॉकसाठी, १९७७ च्या उन्हाळ्याकडे यावे. ‘द डायोड्स’ या बँडने डंकन स्ट्रीटवरच्या एका कलासंस्थेच्या तळघरात ‘क्रॅश अँड बर्न’ नावाची जागा चालवली. ती एक उन्हाळाभरच टिकली, पण टोरांटोचे पंक तिथे आकाराला आले. १ डिसेंबर १९७८ रोजी हॉर्सशू टॅव्हर्नमध्ये ‘द लास्ट पोगो’ हा कार्यक्रम झाला आणि पोलिसांनी तो मध्येच थांबवला. हॉर्सशू क्वीन स्ट्रीटवर १९४७ पासून आहे आणि आजही तिथे नवे बँड वाजवतात.

आता हॅमिल्टन. टोरांटोपासून सुमारे ७० किलोमीटरवर, सरोवराकाठी वसलेले हे पोलादाच्या कारखान्यांचे शहर आहे, आणि माझ्या मते कॅनडाच्या अंडरग्राउंड संगीतातली सर्वांत विलक्षण एलपी इथली आहे. ‘सिंप्ली सॉसर’ हा बँड १९७३ मध्ये एडगर ब्रो यांच्या पुढाकाराने सुरू झाला. नावात पिंक फ्लॉइडच्या ‘अ सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स’ची आठवण आहे, संगीतात मात्र त्या तरंगण्याबरोबर न्यूयॉर्कच्या ‘व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’ची धार आहे आणि वर इलेक्ट्रॉनिक यंत्रांतून काढलेल्या शिट्ट्या व घरघर आहे. १९७४ मध्ये त्यांनी शेजारच्या अँकास्टर गावी बॉब आणि डॅनियल लानुआ या भावांच्या, आईच्या घराच्या तळघरात थाटलेल्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण केले. पुढे यू-टूच्या ‘द जॉशुआ ट्री’चे सहनिर्माते म्हणून जगभर नाव झालेले डॅनियल लानुआ ते हेच. २८ जून १९७५ रोजी बँडने हॅमिल्टनच्या मध्यवस्तीतील जॅक्सन स्क्वेअर या बाजारसंकुलाच्या गच्चीवर कार्यक्रम केला आणि तोही ध्वनिमुद्रित झाला. पण कुठलीही कंपनी पुढे आली नाही. बँडच्या पहिल्या कारकिर्दीत १९७८ ची एक छोटी तबकडी तेवढी निघाली, आणि ती निघाली त्या सुमारास त्यांचे संगीतही बदलून गेले होते. १९७४-७५ चे ते काम ‘सायबॉर्ग्ज रीव्हिजिटेड’ या नावाने एलपीच्या रूपात आले ते १९८९ मध्ये.

ही एलपी ऐकण्याची माझी एक पद्धत आहे. पहिली बाजू तळघराची आहे. तीत ‘बुलेट प्रूफ नथिंग’ हे गाणे इतके सुरेल आहे की हाच बँड पुढे गदारोळ करणार आहे याचा पत्ताही लागत नाही. मग तबकडी उलटावी आणि थेट शेवटचे ‘इल्लीगल बॉडीज’ लावावे. उघड्या गच्चीवर वाजवलेले हे लांबलचक गाणे सुरू होते तेव्हा रॉक अँड रोल असते आणि संपता संपता नुसता विजेचा प्रवाह उरतो. खाली शनिवारच्या खरेदीला आलेली माणसे असतील, त्यांच्या डोक्यावर हे चालले होते, आणि पंक हा शब्दही तोपर्यंत त्या शहरात रुळला नव्हता. या तबकडीचे पुनर्मुद्रण वेळोवेळी झाले आहे. २०१८ मधील ‘इन द रेड’ या कंपनीची आवृत्ती नव्या श्रोत्याने निःशंक घ्यावी. हॅमिल्टनमध्येच पुढे ‘टीनेज हेड’ची १९७९ ची पहिली एलपी येते, ती अवघड मुळीच नाही, एका बैठकीत आवडते.

ऑन्टारियोतल्याच लंडन शहराचा ‘नायहिलिस्ट स्पॅझम बँड’ येथे एका ओळीत नोंदवून ठेवतो: १९६५ पासून घरी बनवलेल्या वाद्यांवर केवळ कल्लोळ निर्माण करणारा हा चमू, आणि त्यांची १९६८ ची ‘नो रेकॉर्ड’ ही एलपी नंतर नॉइझ संगीताच्या पूर्वजांत गणली गेली. सुरुवातीच्या सहा महिन्यांत तिच्या वाटेला जाऊ नये.

व्हँकुव्हरसाठी १९७९ चे ‘व्हँकुव्हर कॉम्प्लिकेशन’ हे संकलन पुरेसे आहे. ‘डी.ओ.ए.’, ‘सबह्यूमन्स’, ‘पॉइंटेड स्टिक्स’, ‘डिशरॅग्ज’ असे बँड त्यात एकत्र भेटतात. याच शहरातल्या ‘के-टेल्स’ या बँडला, टीव्हीवर जाहिराती करून संकलने विकणाऱ्या के-टेल कंपनीच्या आक्षेपामुळे नाव बदलावे लागले आणि ते ‘यंग कॅनेडियन्स’ झाले. त्यांचे ‘हवाई’ जरूर ऐकावे.

तिसरी पायरी: फ्रेंच क्युबेक आणि उत्तरेकडचा प्रदेश वगळू नये

इंग्रजी याद्या क्युबेक एका वाक्यात आटोपतात, आणि ही मोठी चूक आहे. १९६० च्या दशकात क्युबेकमध्ये फ्रेंच भाषेतल्या रॉकची स्वतंत्र बाजारपेठ होती. स्वतःची मासिके होती, ‘जनेस दोजुर्दुई’ हा १९६२ ते १९७४ चाललेला लोकप्रिय टीव्ही कार्यक्रम होता, आणि तबकड्या खपतही होत्या. म्हणूनच तेव्हाच्या फ्रेंच ४५ आरपीएम (दोन बाजूंना एकेक गाणे असलेल्या छोट्या तबकड्या) आज इंग्रजी गॅरेजच्या मानाने पुष्कळदा स्वस्त मिळतात, कारण त्या काळी त्या अधिक संख्येने निघाल्या. पांढरे केस आणि पांढरे पोशाख मिरवणारे ‘ले क्लासेल’ मुख्यतः हळव्या गाण्यांचे होते. गॅरेजची चव हवी असेल तर ‘ले सुल्ताँ’, ‘ले ल्युतँ’ आणि ‘ले सिनर्स’ यांच्याकडे वळावे. यातली अनेक गाणी इंग्रजी किंवा फ्रान्समधल्या गाण्यांची रूपांतरे आहेत, म्हणून त्यांना दुय्यम मानण्याचे कारण नाही. भाषा बदलली की शब्दांवरचा आघात बदलतो आणि त्याबरोबर ड्रमची चालही हलते. हिंदी चाल मराठीत आली की काय घडते, हे आपल्या कानांना ठाऊकच आहे.

उत्तरेसाठी २०१४ मध्ये निघालेले ‘नेटिव्ह नॉर्थ अमेरिका’ हे संकलन घ्यावे. १९६६ ते १९८५ या काळातील आदिवासी कलावंतांचे लोकसंगीत, रॉक आणि कंट्री त्यात आहे, आणि ते व्हँकुव्हरच्या केव्हिन हाउज यांनी वर्षानुवर्षे शोध घेऊन सिद्ध केले. क्युबेकच्या अगदी उत्तर टोकाला, सालुइट या इनुइट गावात तयार झालेला ‘सुग्लुक’ हा बँड मला त्यातच प्रथम भेटला. सीबीसी या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या उत्तर विभागाने १९७० च्या दशकात त्यांचे ध्वनिमुद्रण केले होते. अशा तबकड्या मुख्यतः प्रसारणासाठी काढलेल्या असल्याने दुकानांत त्या दिसतच नाहीत. संकलनासोबतची पुस्तिका मात्र प्रत्येक कलावंताची माहिती सविस्तर देते, म्हणून हे संकलन छापील पुस्तिकेसह घेणे योग्य.

चौथी पायरी: १९८० नंतरचा धागा पकडावा

जुन्याची आवड लागलेले श्रोते नव्याकडे पाठ फिरवतात, तसे करू नये. मॉन्ट्रियलच्या ‘देजा वूडू’ या दोघांच्या बँडने ‘ओजी म्युझिक’ ही कंपनी चालवली आणि १९८५ ते १९८९ या काळात ‘इट केम फ्रॉम कॅनडा’ या नावाची पाच संकलने काढली. देशभरातले विखुरलेले बँड एका आवरणात आणण्याचे हे काम तोपर्यंत फारसे कुणी मनावर घेतले नव्हते. याच कंपनीने ‘द ग्रूसम्स’ची १९८६ ची ‘टायरंट्स ऑफ टीन ट्रॅश’ काढली, जिच्यात १९६६ चा ध्यास उघड दिसतो. न्यू ब्रन्सविकमधल्या मॉन्क्टन या लहान शहरातल्या ‘एरिक्स ट्रिप’ने घरच्या टेप यंत्रावर केलेल्या ध्वनिमुद्रणांतून नाव मिळवले, त्यांची १९९३ ची ‘लव्ह तारा’ पावसाळी संध्याकाळी एकट्याने ऐकण्याची आहे.

मराठी, आणि एकूणच भारतीय, वाचकाला एक नाव जवळचे वाटेल. १९९० च्या दशकात मॉन्ट्रियलमध्ये ‘द स्पेसशिट्स’ हा धांगडधिंग्याचा बँड होता. त्यातले भारतीय वंशाचे अरिश खान पुढे ‘किंग खान’ या नावाने जर्मनीत स्थायिक झाले, आणि त्याच बँडमधले मार्क सुलतान यांच्यासह त्यांनी ‘द किंग खान अँड बीबीक्यू शो’ ही जोडी उभी केली. दोन गिटार, पायाने वाजवलेला ड्रम आणि १९५० च्या दशकातल्या अमेरिकन कोरस गाण्यांची गोडी एवढ्यावर ही जोडी भरगच्च आवाज काढते. टोरांटोच्या ‘द डेडली स्नेक्स’चा प्रवासही असाच गॅरेजपासून सुरू होऊन दूर जातो, त्यांची ‘पोर्सेला’ २००६ मध्ये कॅनडातील उत्तम अल्बमला दिल्या जाणाऱ्या पोलारिस पुरस्काराच्या पहिल्याच वर्षी अंतिम यादीत होती. कॅलगरीच्या ‘विमेन’ची २०१० ची ‘पब्लिक स्ट्रेन’ आणि ओटावाच्या ‘द व्हाइट वायर्स’च्या तबकड्या यानंतर घ्याव्यात. आज वाजवत असलेल्या बँडच्या तबकड्या शक्यतो बँडकॅम्प या संकेतस्थळावरून किंवा कार्यक्रमाच्या जागीच घ्याव्यात, म्हणजे पैशांचा मोठा वाटा वाजवणाऱ्यांपर्यंत पोहोचतो.

पाचवी पायरी: तबकडी वाचायला शिकावे

विकत घेण्याची वेळ आली की तबकडी दिव्याखाली तिरकी धरून वाचता आली पाहिजे. प्रथम लेबल पाहावे. एका छोट्या वर्तुळाचे चार भाग आणि त्यांत एम, ए, पी, एल ही अक्षरे दिसली, तर ती १९७१ च्या नियमानंतरची खूण आहे. ही अक्षरे अनुक्रमे संगीत, कलावंत, सादरीकरण (पूर्वी निर्मिती) आणि गीत यांची आहेत. यांपैकी किमान दोन बाबी कॅनडाच्या असल्या तर रेडिओच्या नियमासाठी ते गाणे कॅनडाचे ठरते. या खुणेचा संग्राहकाला दुहेरी उपयोग होतो: बँड कॅनडाचा आहे की परदेशी बँडची तबकडी कॅनडात छापली आहे, हे कळते; आणि ‘१९६६ ची मूळ प्रत’ म्हणून दाखवलेल्या तबकडीवर ती असेल तर विकणाऱ्याचे म्हणणे खोटे आहे, हेही कळते. आवरणावर बारकोड असेल तर ती १९६० च्या दशकातली असूच शकत नाही.

मग कंपनीचे नाव. ‘क्वालिटी’, ‘एपेक्स’, ‘आर्क’, ‘अलाइड’, ‘यॉर्कटाउन’ ही नावे ओळखीची करून घ्यावीत. ‘एपेक्स’ हे मॉन्ट्रियलजवळच्या लाशीन येथील ‘कॉम्पो’ कंपनीचे लेबल होते, आणि ती कंपनी १९१८ मध्ये स्थापन करणारे हर्बर्ट बर्लिनर हे सपाट तबकडीचा शोध लावणाऱ्या एमिल बर्लिनर यांचे चिरंजीव होते. ‘कॅपिटल’ने १९६० च्या दशकात कॅनडात स्वतंत्रपणे काढलेल्या ४५ आरपीएम तबकड्यांचे क्रमांक ७२,००० च्या मालिकेत असत, त्यामुळे त्या क्रमांकावरूनच ओळखता येतात.

शेवटी खोबण संपून लेबल सुरू होईपर्यंतचा गुळगुळीत पट्टा पाहावा. तिथे कोरलेला किंवा उमटवलेला मॅट्रिक्स क्रमांक हा तबकडीचा जन्मदाखला असतो. मी स्वतः सुरुवातीच्या काळात एका विक्रेत्याकडून मूळ प्रत समजून एक ४५ आरपीएम घेतली होती. लेबल हुबेहूब होते, पण पट्ट्यावरचा क्रमांक एका नव्या पुनर्मुद्रणाचा निघाला. छायाचित्रात तो पट्टा मागून घेण्याची तसदी मी घेतली नव्हती. तेव्हापासून त्या जागेचे स्वच्छ छायाचित्र मिळाल्याशिवाय मी पैसे पाठवत नाही, आणि नव्या संग्राहकानेही पाठवू नयेत.

किमतीसाठी डिस्कॉग्स या तबकड्यांच्या संकेतस्थळावरील आधीच्या विक्रीचे आकडे पाहावेत. मागितलेली किंमत आणि प्रत्यक्ष मिळालेली किंमत यांत पुष्कळ तफावत असते. प्रतीच्या अवस्थेसाठी ‘निअर मिंट’ (जवळजवळ नवी), ‘व्हीजी प्लस’, ‘व्हीजी’ (व्हेरी गुड) अशी उतरती श्रेणी वापरतात. १९६० च्या दशकातल्या ४५ आरपीएम मुलांनी पार्ट्यांत वाजवून झिजवलेल्या असतात, म्हणून त्यांच्या बाबतीत ‘व्हीजी प्लस’ मिळणे हेच भाग्य समजावे. ‘गुड’ या शब्दाचा अर्थ या व्यवहारात ‘चांगली’ असा होत नाही. ती तबकडी बरीच खराब असते.

सहावी पायरी: दुकान, टपाल आणि हवामान

टोरांटो, मिसिसॉगा, ब्रॅम्प्टन परिसरात राहणाऱ्या मराठी श्रोत्यांना दुकाने हाताशी आहेत: टोरांटोत ‘सॉनिक बूम’, हॅमिल्टनमध्ये ‘डॉक्टर डिस्क’. मॉन्ट्रियलला गेल्यास ‘ऑ त्राँत-त्र्वा तूर’ आणि १९७० च्या दशकापासूनचे ‘चीप थ्रिल्स’, विनिपेगला ‘इन्टू द म्युझिक’, कॅलगरीला ‘रेकॉर्डलँड’, व्हँकुव्हरला ‘नेप्टून’ आणि ‘झुलू’ पाहावीत. दुकानात गेल्यावर ‘कॅनडियन’ किंवा ‘कॅनकॉन’ (कॅनडियन कंटेंट) असा खण आहे का हे विचारावे, आणि स्थानिक बँडबद्दल बोलायला लागावे. गल्ल्यावरचा माणूस बहुधा स्वतः कुठल्या तरी बँडमध्ये वाजवत असतो, आणि मला मिळालेल्या चांगल्या तबकड्यांपैकी निम्म्या अशा गप्पांतून मिळाल्या आहेत.

भारतात मागवायची असल्यास टपालखर्च पुष्कळदा तबकडीच्या किमतीइतका होतो, म्हणून एका विक्रेत्याकडून चार-पाच एकदम घ्याव्यात आणि आयातशुल्काची चौकशी आधी करावी. तबकडी आवरणातून बाहेर काढून आवरणामागे ठेवून पाठवण्यास सांगावे. आत राहिली तर प्रवासात ती आवरणाच्या कडा फाडते. उत्तर अमेरिकेतल्या ४५ आरपीएमचे मधले भोक मोठे असते, आपल्याकडच्या ईपीसारखे लहान नसते, म्हणून ती वाजवण्यासाठी प्लॅस्टिकचा किंवा धातूचा अडॅप्टर आधीच घेऊन ठेवावा. पहिले पार्सल हाती आल्यावर अडॅप्टर नाही म्हणून आठवडाभर नुसते लेबल पाहत बसलेले दोघे-तिघे माझ्या ओळखीत आहेत. १९६० च्या दशकातल्या गॅरेज बँडच्या बहुतेक ४५ आरपीएम मोनो (एकाच ध्वनिवाहिनीच्या) आहेत, तेव्हा अॅम्प्लिफायरला मोनोचे बटण असेल तर ते दाबावे. खरखर लक्षणीय कमी होते.

मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात कागदी आवरणांना बुरशी धरते. तबकड्या उभ्या ठेवाव्यात, बाहेरच्या भिंतीला टेकवू नयेत, आणि आतले जुने कागदी पाकीट काढून नवे अस्तराचे पाकीट घालावे. जुने पाकीट मात्र टाकून न देता आवरणामागे जपावे, कारण त्यावरूनही छपाईचा काळ ठरतो. कॅनडात अडचण उलटी असते. हिवाळ्यात घरातली हवा कोरडी पडून तबकडीवर स्थिर वीज साचते आणि धूळ चिकटते, म्हणून वाजवण्याआधी कार्बन तंतूंचा ब्रश फिरवावा. बाहेर उणे वीस तापमानात दारात येऊन पडलेले पार्सल लगेच उघडू नये. थंड व्हायनल ठिसूळ असते आणि गरम खोलीत त्यावर दव जमते. पार्सल तसेच बंद ठेवून तीन-चार तास घरात राहू द्यावे, मग पुसावे, आणि त्यानंतरच सुई ठेवावी.